अडीच टक्के

पाटीवरचा माझा फोटो अकरा वर्षांपूर्वीचा.
तेव्हा केस तपकिरी होते आणि दात सगळे माझेच.
डुलुथमध्ये जानेवारीत बर्फ हनुवटीपर्यंत चढतो,
म्हणजे फोटोतल्या बाईच्या.
ती हसतच राहते. तिचं काय जातं?

तोइवो सारेला यांचं घर मी ऑगस्टपासून विकते आहे.
टेकडीवर, दोन खोल्या, तळघरात सौना.
जाहिरातीत मी लिहिलं : सरोवराचं दर्शन.
दर्शन घ्यायचं तर न्हाणीघरातल्या टबच्या काठावर
उभं राहायचं, उजवा गाल काचेला लावून.
मी राहिलेय. दिसतं.
एकदा खनिजाचं जहाजही दिसलं, निम्मं.

सव्वीस वेळा दाखवलं.
दर वेळी म्हाताऱ्याला सांगायचं, तासभर कुठेतरी जाऊन या.
दर वेळी तो हो म्हणायचा
आणि तळघरात सौनात जाऊन बसायचा.
हिबिंगच्या एका जोडप्यानं ते दार उघडलं.
आत टॉवेल गुंडाळून तोइवो.
म्हणाला, "दार लावा, वाफ जाते."
त्यांनी दुसरीकडे घर घेतलं.

लोक म्हणतात, आर्लीन, तुझं बरं, डोक्यावर साहेब नाही.
नाहीच. पहिली तारीखही नाही.
पेट्रोल माझं, पाटी माझी, दारावरची कुलूपपेटी माझी,
रविवारी घर खुलं ठेवते तेव्हाचा वेलचीचा पाव माझा,
तो खायला शेजारचे हाल्वोर्सन नवराबायको न चुकता येतात,
कपाटं उघडून बघतात, घरी जातात.
अडीच टक्के ऐकायला बरे वाटतात.
दुकानाच्या नावाला वाटा, विम्याला वाटा,
दर तीन महिन्यांनी सरकारला अंदाजे कर :
तुरी अजून बाजारातच
आणि मी मनातल्या मनात वरण रांधून, वाढून, भांडी घासून मोकळी.

डिसेंबरात रोशेल डेफो आली, रात्रपाळीची नर्स.
टबवर चढली. गाल लावला. बराच वेळ उतरली नाही.
मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही,
अकरा वर्षांत एवढं एक शिकले.

मग तपासनिसानं सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडला.
पडद्यावर मेपलचं मूळ, नळभर, म्हाताऱ्याच्या दाढीसारखं.
खर्च नऊ हजार.
तोइवो म्हणाला, "मूळ माझं नाही, झाडाचं आहे."
रोशेल म्हणाली, "माझ्याकडे होते तेवढे सांगून झाले."
एका कानाला तो, दुसऱ्या फोनवर ती.
दोघंही गप्प.
गप्प बसण्यालाही एक आवाज असतो, फ्रीजसारखा.
कुणीतरी वाकायचं होतं
आणि त्या दोघांकडे घर तरी होतं मध्ये धरायला.
मी म्हटलं, "माझ्यातले कापा."

किती कापले ते बहिणीलाही सांगितलेलं नाही.

आज पाटी काढायला गेले. निघेना.
खांब जमिनीत गोठलेला, जमीन लोखंड.
लाथा घातल्या, हलवला, मिठी मारून ओढला,
फोटोतली बाई माझ्या कानाशी हसत होती.
दार उघडलं. रोशेल, पाळीहून आलेली,
गणवेशावर कोट, हातात किटली.
"अजून एवढीच खोक्यातून काढलीय."
बुंध्याशी पाणी ओतलं. वाफ दोघींच्या तोंडावर.
तिसऱ्या किटलीला खांब सुटला, मी बसकण मारली बर्फात.
ती हसली नाही. मला उठवलं.

तोइवो आता क्लोकेला पुतणीकडे. तिथे सौना नाही.
दर दोन दिवसांनी फोन करतो : "विकलं का?"
विकलं म्हणते. किंमत पुन्हा सांगते.
तो म्हणतो, "बरी आली."

बाईला डिकीत पालथी घातली.
पंधरा तारीख, पाचच्या आत
टपालात सरकारचा चेक पडायला हवा.
गाडी सुरू व्हायला वेळ घेते.
वर न्हाणीघराच्या खिडकीत
काचेला चिकटलेला एक चपटा गाल.