दीड सेंटिमीटर

तीनशे बारावी मेंढी होती,
की अकरावी? घंटा व्हायला चार मिनिटं.
ओढत फळीवर आणली, मागच्या पायांवर बसवली,
आणि कंबरेत कुठेतरी
टाका उसवावा तसं काहीतरी झालं.
आवाज नाही. रक्त नाही.
मेंढी अर्धी भादरलेली, माझ्याकडे बघत,
मी तिच्या शेजारी, चार पायांवर,
आणि वर लोंबणारं यंत्र आपलं घरघरतंय.

गोरमध्ये ज्याला त्याला निदान ठाऊक: गादी सरकली.
डॉक्टरीण मॅकअरा म्हणाली, सरकते कसली?
ती काय बशी आहे, टेबलावरून घसरायला?
वरच्या मणक्याला, खालच्या मणक्याला
घट्ट चिकटून बसलीये ती, तुझ्या जन्माआधीपासून.
अशा तेवीस, तामिहाना,
आणि तुझं भांडण तळाच्या दोघींशी.

पडद्यावर माझा कणा. बाजूने कापलेला.
वरच्या गाद्या उजळ, ओल्या.
खालच्या दोन काळपट,
फेब्रुवारीत कुरणातली डबकी आटतात तशा.
आता ही म्हणणार, झिजलास, संपलास.
तर म्हणते, रस्त्यावरून तुझ्या वयाची माणसं धरून आण,
निम्म्यांच्या गाद्या अशाच निघतील,
आणि आपल्याला पाठ आहे
हेही त्यांच्या लक्षात नसेल.

मग तिने गासडीचं सांगितलं. (तिचा बापही लोकरीतलाच.)
प्रेसमध्ये दाबून भरलेली गासडी,
बाहेर आडवे-तिडवे धागे, आत मऊ.
वर्षानुवर्षं वाकून वाकून
मागच्या कोपऱ्यात शिवण विरली,
आतला गर बाहेर डोकावला,
आणि नेमकी तिथूनच
पायात उतरणारी शीर जात होती.

म्हणून दुखणं कंबरेचं आणि बोंब अंगठ्याची.
विजेच्या कुंपणाला ओला हात लागावा
तशी कळ, कुल्ल्यातून पोटरीत,
पोटरीतून डाव्या अंगठ्यात,
शिंकलो तरी. हसलो तरी.
रेवीला ताकीद दिली, माझ्यासमोर विनोद करायचे नाहीत.

कापणार का, विचारलं.
थांबू, म्हणाली. लघवी अडली, जांघेत बधिर वाटलं,
तर रात्री दोनलाही निघ, सकाळची वाट बघू नकोस.
नाहीतर चालत राहा, थोडं थोडं.
बाहेर आलेला गर शरीर बहुतेकदा
आपणच खाऊन टाकतं. महिने लागतात.

महिने.
माझ्या जागेवर आता रेवी भादरतो, माझ्या पाठचा भाऊ.
संध्याकाळी आकडा सांगत नाही,
मीही विचारत नाही.
आमच्या बापाची पाठ कधी दुखली नाही,
म्हणजे तो कधी बोलला नाही.
शेवटची नऊ वर्षं
जमिनीशीच काहीतरी बोलत चालायचा.

मॅकअराने जाताजाता आणखी एक सांगितलं होतं:
गादीला रक्त पोचत नाही.
दिवसभर ओझ्याखाली ती पिळली जाते,
रात्री तुम्ही आडवे झालात की
आजूबाजूचं पाणी पिते.
कहुरंगीला हे सांगितलं. तिला पटलं नाही.
आठ वर्षांची आहे, तिला पुरावा लागतो.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा आहेत,
तारखांसकट. त्यांच्या वर, बऱ्याच वर,
पहाटे तिने मला अनवाणी उभं केलं,
खुर्चीवर चढली, डोक्यावर पट्टी ठेवली, रेघ मारली.
रात्री पुन्हा.
दोन रेघांमध्ये दीड सेंटिमीटर.

कुठे गेलं हे, तिने विचारलं.
मला फळी आठवली, तेलकट, चकचकीत,
एकतीस हंगामांची.
काय सांगणार?
येतं सकाळपर्यंत, म्हटलं.

दिवा मालवून गुडघ्यांखाली उशी सरकवली,
पाठ टेकली.
बाहेर मेंढ्या हौदावर आल्या असाव्यात.
एक पीत होती,
अंधारात, सावकाश, मधेच थांबून,
पुन्हा.

आणि दाराशी कहुरंगी:
सकाळी मी आल्याशिवाय उठायचं नाही.
पेन्सिल माझ्याकडेच आहे.