लिहिणाऱ्याचाही नमस्कार

पत्र संपतं तिथं नुसती नावं आहेत.
वाचायची पाळी आली की रणभिसे पाळक हळूच म्हणतात,
"तेवढं सोडलं तरी चालेल."
असुंक्रित, फ्लगोन, पत्रबास.
मिरजेच्या तोंडात बसत नाहीत.

मला नावांचं वावडं नाही.
चौदाव्या वर्षी मिशन हॉस्पिटलात
पुरुषांच्या वॉर्डात मी पत्रं लिहायचो,
कार्डामागं पाच पैसे, नसले तर एक केळं.
जत, आटपाडी, पार अथणीची माणसं.
दुखणं दोन ओळींत संपायचं:
ऑपरेशन झालं. पैसे पाठवू नका.
मग सुरू व्हायचे रामराम.
तुळसाआत्याला, तिच्या आंधळ्या दिराला,
ज्याच्या गाडीनं आलो त्या महादू सुताराला
(भाडं राहिलंय, हेही लिही),
कल्लाप्पाला, आणि त्या घरात जे कोण असतील त्यांना.
कार्ड भरायचं, माणूस थांबायचा नाही.
मी कडेनं उभं लिहायचो,
पत्त्याच्या रेघेला टेकेपर्यंत.
आणि अगदी शेवटी, न विचारता, मुंगीएवढ्या अक्षरात:
लिहिणार शांतवन, त्याचाही नमस्कार.

पुढं कळलं,
हा आगाऊपणा माझ्याआधी एकानं केलाय.
पौल बोलत होता, येरझाऱ्या घालत असेल.
तर्तिय लिहीत होता.
थोर माणूस श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात
त्यानं स्वतःला आत सरकवलं.
इतक्या शतकांत कुणी खोडलं नाही.

ते पत्र घेऊन गेलेली फीबी
मला जनाक्कासारखी दिसते.
टाके सुकले तशी उठली,
"पोस्टाचा काय भरवसा" म्हणत
वॉर्डातली अकरा कार्डं ओच्यात खोचून
दुपारच्या जत गाडीत चढली.
वाचता येत नव्हतं.
कुठलं कुणाचं ते डागांवरून ओळखायची,
हा हळदीचा, हा आयोडीनचा.

एका नावापाशी मात्र मी अजून अडतो.
रूफ, आणि रूफाची आई.
ती आपलीही आई लागते, एवढंच पौल सांगतो.
कशी, ते नाही.
जेवू घातलं असेल.

शिमोन नावाचा एक जण शेतावरून घरी निघाला होता.
शिपायानं दंड धरला: ए, तू. उचल.
दुसऱ्याचं लाकूड, दुसऱ्याचं मरण.
त्याच्या एका पोराचं नाव रूफ.
"पण तोच हा, असं छातीठोक नाही सांगता येत,"
पाळक म्हणतात. खरंय.
आमच्या स्टेशन रोडवर दस्तगीर म्हणून हाक मारा,
सात जण वळून बघतील.

मला पाहिजे तो दस्तगीर एकच.
त्याचा बाप, बाबालाल हमाल,
बिल्ला काढून घरी निघाला होता.
जंक्शनवर हवालदारानं अडवलं: ए, तू.
माझ्या वडलांना त्यानं पाठीवर घेतलं
हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत.
वाटेत तीनदा टेकला, एकदाही शिवी दिली नाही.
चौथ्या दिवशी वडील गेले.
मी व्हरांड्यात बसून राहिलो.
गावाला कळवायचं होतं,
पत्र कुणाच्या नावानं लिहायचं ते आठवेना.

संध्याकाळी बाबालालची बायको आली.
हुसेनबी. फडक्यात भाकरी, वाटीत मसूर.
न विचारता माझं कपाळ चाचपलं.
पुढं अकरा वर्षं मी तिच्याच चुलीपाशी जेवलो.
ईदला दस्तगीरचा सदरा, त्याच ताग्यातला एक माझा.
नाताळच्या पहाटे तीच हलवून उठवायची,
"ऊठ रे, तुझी घंटा झाली."

काल वाचायची पाळी माझी होती.
काहीच सोडलं नाही मी.
फीबी, प्रिस्का, अक्विला, युनिया,
रूफ, रूफाची आई.
तिथं श्वास घ्यायला थांबलो
आणि तेवढ्यात, हलक्या आवाजात, अजून एक.

मागच्या बाकावरच्या सलोमीबाईंनी चष्मा वर केला.
बाकीच्यांना वाटलं,
असेल रोममधलीच कुणी.