नोंदवहीतला शेवटचा रकाना

दर दोन तासांनी कूस बदलायची.
दहा, बारा, दोन, चार.
दुओंग नदीचं धुकं आत शिरतं, फरशी घामेजते,
आणि मी रबरी चपला हातात घेऊन
खाटांमधून फिरते,
घरी उशिरा परतलेल्या मुलीसारखी.

खांगकाकांना मांड्यांपुढे काही नाही.
तरी दमट हवेत डावी पोटरी खाजते.
ते बोट दाखवतात तिथली चादर मी खाजवते.
"अजून खाली."
अजून खाली.
"हां."
संध्याकाळी हाताने फिरवायच्या तीनचाकीवर बसून
फाटकापर्यंत जातात,
जाताना न चुकता म्हणतात, जरा पाय मोकळे करून येतो.
एकावन्न वर्षांचा विनोद.
त्यांची बायको एकावन्न वर्षं हसते,
कधी नुसती नाकाने.

चार नंबरला दोआनआजोबा.
डोळे क्वांग त्रीला गेले, कंबरेखालचं शरीरही तिथेच,
आता उरलेलं एकेक करून चाललंय:
मुलीचं नाव, भाताची चव, आज कोणता वार.
दिवसपाळीची मिएन जाताना लिहून ठेवते:
ताप नाही.
लघवी सातशे.
पेज अर्धी वाटी.
आजचा शब्द – फणस.

कारण दारात पाऊल वाजलं की अंधारातून येतंच,
"कोण?"
"थोआ."
"शब्द?"
"फणस."
मग हातातली नसलेली बंदूक खाली होते.
"जा."
सैनिकाने म्हणे पाठ दाखवायची नसते.
मला ते रात्रीत चार वेळा दाखवतात,
मी पावडर लावते, हाडांवरची कातडी तपासते,
छर्र्‍यांच्या जुन्या खुणा
बोटांना आता पाठ झाल्यात.

काल रकाना कोरा होता.
मिएनच्या पोराला ताप, ती घाईत गेली.
दोन वाजता मी दारातच अडकले.
"शब्द?"
कंदील, म्हटलं. होडी. चिंच.
काही नाही.
नळ ठिबकत होता. खांगकाकांचं घोरणं थांबलं, ते ऐकत असावेत.

मग अगदी हळू,
"मलाही आठवत नाही, पोरी.
वर कळवू नकोस.
ये."

पहाटे लिहिलं:
ताप नाही. माकडहाडापाशी एक जागा लाल, लक्ष ठेवावे.
शेवटच्या रकान्यात रेघ मारायला पेन टेकवलं
आणि लिहिलं, तोच.

मिएन विचारते, तोच म्हणजे कोणता गं?

मी चपला पायात घालते.