पाच मिनिटं बोलू नका

मे महिना. गोळीबार चौकामागे
दोन खोल्या, एक व्हरांडा, एवढाच आमचा दवाखाना.
ताराचंद निखारे बोट कापलं म्हणून आला,
कुलरच्या पंख्याचं पातं लागलेलं.
'टिटीचं इंजेक्शन टोचा अन् सोडा जी,
चार घरी लोकं उकडून राह्यले.'

तिशीपुढचा माणूस कशालाही येवो,
खोकला, खरूज, कुणाच्या दाखल्यावरची सही,
दंडाला पट्टा बांधल्याशिवाय सोडायचा नाही.
बसा, म्हटलं.
पाठ टेकवा. पायावर पाय नको.
हात टेबलावर, छातीच्या उंचीला.
पाच मिनिटं बोलू नका.

पहिल्या मिनिटात त्यानं दोनदा मोबाईल पाहिला,
मग आमच्या कुलरकडे,
मग तोंड उघडलं, मी ओठांवर बोट ठेवलं.
चौथ्यात डोळे मिटले.
हा माणूस याआधी
काही न करता कधी बसला असेल?

एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे सहा.
थांबून पुन्हा: चौऱ्याहत्तर, एकशे चार.

'मशीन खराब असन.'
परवाच तपासून आलंय.
'उन्हातून आलो ना.'
म्हणून तर बसवलं.
'मले तं काहीच होत नाई, सिस्टर.
डोकं नाई, चक्कर नाई. झोप म्हणसान तं बैलासारखी.'

दुखत नाही, तेच रोज सांगायचं असतं,
आणि दुखत नाही ते कुणाला पटत नाही.
मी नळ्यांचं सांगितलं, पाण्याच्या दाबाचं.
तो हसला. 'पंपाचं मले नका शिकवू.
जळायच्या आधी पंप घरघर करते.
तुमचाच आइका, आठ दिवसाचा सोबती हाय.'
माणसाचा करत नाही, मी म्हटलं.

त्यावर मात्र तो गप्प झाला,
न सांगता.

सोमवारी या, पुन्हा मोजू, मग ठरवू.
सोमवारी आला नाही.
छबूताईनं फोन केला: 'सीझन हाय.'
पुन्हा केला: उचललाच नाही.
आठव्या दिवशी आमचा पंप खरोखरच गेला.
तो निरोप दिला, तर तासाभरात हजर,
पिशवीत पाने, खांद्यावर वायर.
मी खुर्ची पुढे सरकवली.
आधी हे.

एकशे बहात्तर.
डॉक्टरांनी गोळी लिहिली, रोज एक, सकाळी.
लोणचं-पापडाचं मी सांगितलं, तेव्हा
भिंतीकडे पाहत होता.
पंपाचे पैसे घेतले नाहीत.

जुलैत गिऱ्हाइकांचे कुलर माळ्यावर गेले.
कार्ड घेऊन आला, घडी पडलेलं, तेलाचे डाग.
एकशे सेहेचाळीस. अजून हवं तेवढं नाही.
मागे बायको उभी, पदराचं टोक मुठीत.
'हिले बसवा, सिस्टर.
हे आजपावतर बसलीच नाई.'

ती खुर्चीच्या कडेवर टेकली.
तोच म्हणाला, 'पाठ टेकव. पाय खाली.
अन् पाच मिनिटं बोलू नको.'

ती तशीही बोलत नव्हती.
मी घड्याळ लावलं.