नसलेल्या खणातली तबकडी

अडीचला लाइट आली तहसीलमध्ये.
साहेबांच्या पेनड्राइव्हात एकच फाईल:
पाथरी शून्य तीन, शेपटीला आयएसओ.
बोट लावलं की संगणक विचारतो, कशानं उघडू?
मला काय माहीत बाबा, कशानं उघडतात तुला.

खटिंगकाका सकाळपासून बाकावर.
गुंजच्या विहिरीत आपला वाटा किती आणे,
एवढंच बघायचं होतं त्यांना.

शेवटी मानवतच्या पोराला फोन लावला.
ताई, फोडू नको, म्हणाला, चढव.
उजवं बटण दाब आणि माउंट म्हण.

चढवली.
माझ्या डब्यातला सीडीचा खण तीन वर्षांपूर्वीच गेला,
भोकावर मी पुठ्ठा चिकटवलाय, उंदरांसाठी.
त्या डब्याला नवा ड्राइव्ह फुटला.
नसलेल्या खणात नसलेली तबकडी
फिरायला लागली, जराही न खरखरता.

आत गावं. कासापुरी, लिंबा, गुंज.
गुंज उघडलं. तेराशे चव्वेचाळीस फसली.
गंजलेली शाई,
आणि सगळं उजवीकडून डावीकडं.
मोठं केलं. उजळ केलं.
उघडली का? काका म्हणाले.
उघडली.
मग काय म्हणू लागली?
मी नुसतीच माउस हलवत राहिले.

बुऱ्हानोद्दीन मास्तरांना स्कूटीवर आणलं,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
त्यांनी स्क्रीन बाहीनं पुसली,
गट नंबर वाचला, नावं वाचली, सहा आणे वाचले,
आणि समासात आल्यावर हसायला लागले.
पटवारी लिहितोय, बाई:
गोदेला पूर आहे. विहीर पाहिली नाही.
ऐकून लिहिलं.

कोणाचं ऐकून? काका उठलेच.
पुसा ते. खरं लिहा त्यात, मी सांगतो.
मी दाबून बघितलं, त्यांच्या समाधानासाठी.
पाटी आली: फक्त वाचता येईल.
मास्तर म्हणाले, बरोबर आहे.
काय बरोबर, ते काही बोलले नाहीत.

पाच वाजले. ‘बाहेर काढा’ दाबलं.
गुंज गेलं, लिंबा गेलं, ड्राइव्हही गेला.
बाहेर काहीच आलं नाही.

काका गुडघ्यावर हात देऊन वाकले,
पुठ्ठा बाजूला सारला
आणि त्या भोकात डोकावले,
पाणी कुठवर आहे ते बघतात तसे.