टिकल्या

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली,
नोव्हेंबरातल्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
मार्लो फेरी गावाला विचारण्यात आलं :
नवा सिटी हॉल कसा हवा?
खुर्च्या मांडल्या होत्या ऐंशी.
आली एकेचाळीस माणसं आणि एक कुत्रा.

भिंतीवर तीन चित्रं. विटांचं, काचेचं, दगडाचं.
दारात उभी राहून मी प्रत्येकाच्या तळहातावर
पाच पाच टिकल्या ठेवत होते,
हिरव्या, गोल, मागे गोंद असलेल्या.
कोलंबसहून आलेला आर्किटेक्ट त्यांना मतं म्हणत होता.
मला दुसरा शब्द सुचेना.

सतरा वर्षं मी पाणीपट्टीच्या खिडकीत बसते.
काच दुधी आहे. कुणी लावली, का लावली,
फायलीत नोंद नाही.
खाली पैसे सरकवायला बशीएवढी खाच.
त्यातून येतात ते फक्त हात.

म्हणून दारात मी हातच ओळखत गेले.
करंगळी नसलेला हा रॉस्को टॅकेट,
नेहमी दोन दिवस उशिरा, नेहमी रोख.
नखांपर्यंत मेंदी, ही होदान वारसामे,
नाणी मोजून कागदात गुंडाळून आणते.
मग वर पाहायचे, तर चेहरा
हाताशी जुळतच नसे.
रॉस्को इतका हसरा असेल
असं त्या हातावरून कधी वाटलं नव्हतं.

तोच पहिला उठला. म्हणाला,
"इमारत गळत नाही. छप्पर गळतंय.
छप्पर बदला आणि घरी जा."
टाळ्या पडल्या.
आर्किटेक्टने फळ्यावर लिहिलं : छपराविषयी आस्था.

कुणाला रात्रीही उघडं राहणारं स्वच्छतागृह हवं होतं,
कुणाला घड्याळ, पण चालणारं.
एका पोराने चित्र काढून आणलं होतं :
महापौरांच्या खोलीतून थेट रस्त्यावर उतरणारी घसरगुंडी.
तिला अकरा टिकल्या मिळाल्या. दगडाला दोन.
एक कुत्र्याच्या कानावर होती,
ती कुणी मोजली नाही.

मग काठी टेकत व्हर्लीन प्रुइट उभी राहिली.
"चाळीस वर्षं पाण्याचं बिल भरते मी.
नवरा हॉस्पिटलात होता त्या महिन्यात
पाणी तोडायची नोटीस आली.
खिडकीत गेले, अर्धेच पैसे होते.
पावती आली, तिच्यामागे पेन्सिलीने लिहिलेलं :
शुक्रवारपर्यंत थांबते.
कोण होतं, माहीत नाही.
विटा लावा, काच लावा, काय हवं ते लावा.
मला ते माणूस दिसू दे."

मी कॉफीच्या पिंपाजवळ वही घेऊन बसले होते.
साहेबांनी बजावलं होतं, कर्मचाऱ्यांनी मत द्यायचं नाही,
टिपणं तेवढी घ्यायची.
मी लिहिलं : सूचना क्रमांक एकोणीस. खिडकी.
असं पेन्सिलीने मी किती पावत्यांमागे लिहिलं असेल.
तिची नेमकी आठवेना.
आठवेना याचीच लाज वाटत राहिली.

साडेनऊला खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या.
कागदावर एक टिकली उरली होती.
ती बोटावर घेतली आणि हात सवयीने
कपाळापर्यंत गेला. थांबला.

टेबलावर नकाशा पसरलेला होता अजून.
त्यात माझी नवी खोली, तिच्यापुढे काचेची रेघ,
अगदी बारीक, केसाएवढी.
मी टिकली त्या रेघेवर लावायला गेले
तर ती रेघेत मावेना.
दोन्हीकडे थोडी थोडी उतरली.

बुधवारी सकाळी, जुन्याच खिडकीत,
खाचेतून हात आला. करंगळी नव्हती.
दोन दिवस उशीर. रोख.
मी खुर्ची मागे सारून वाकले,
खाचेपाशी तोंड नेलं आणि म्हटलं,
"तुमचं छप्पर मी लिहून घेतलंय."

पलीकडे कुणीतरी हसलं.
पावती घेऊनही हात
थोडा वेळ तिथेच राहिला.