अकरा पूर्णांक शून्य पाच नऊ दोन

तहसीनने पिशवी काउंटरवर ओतली तेव्हा
जुन्या मोंढ्यातला एक वजनकाटा
माझ्यापुढे पोट उघडून पडला होता.
पिशवीत दोन रिले, वायरचा गुंता
आणि मुनीरोद्दीन सरांचा बोर्ड.
‘अब्बांचा आहे. टाकीच्या मोटारीला चालतो का बघ.
नाहीतर भंगारात देते.’

बोर्ड मी ओळखला.
दोन हजार चार, पॉलिटेक्निकची मागची लॅब,
फेरिक क्लोराइडने पिवळी पडलेली माझी बोटं,
आणि मार्करच्या रेघा
सरांच्या हाताच्या थरथरीसकट तांब्यात उतरलेल्या.

तेव्हाच्या कॉम्प्युटरला मागे पंचवीस भोकांचं तोंड होतं,
दोन्हीकडून स्क्रू आवळले की
दावणीला बांधल्यासारखं निवांत.
माझ्या लॅपटॉपच्या कडेला दोन फटी.
नख जाईल, एवढ्याच.

एकशे ऐंशीची केबल मागवली.
तिच्यातली चिप नकली निघाली,
लॅपटॉपने ओळखच दाखवली नाही.
जुना ड्रायव्हर शोधून घातला तेव्हा म्हणाला,
हो, आहे कुणीतरी, पोर्ट सतरावर.
सरांच्या वेळचा प्रोग्राम चारच्या पुढे मोजत नाही.
सतराचे चार केले.
मोंढ्यात याहून मोठे आकडे फिरतात.

मग तारा.
नवशिके तोंडाला तोंड जोडतात,
दोघं बोलत राहतात, ऐकत कुणीच नाही.
याचं तोंड त्याच्या कानाला,
त्याचं याच्या.
आणि ग्राउंड दोघांचा एकच,
नाहीतर व्होल्ट मोजायचे कुठून?
‘जल्दी नक्को करो,’ सर म्हणायचे, ‘पहले सुनो.’

स्क्रीनवर कचरा आला.
चौकोन, काळे ठिपके, उलटी प्रश्नचिन्हं.
तहसीनचा चेहरा पडला, माझा उजळला.
कचरा येतोय म्हणजे जिवंत आहे,
फक्त वेग जुळला नाही.

भिंगाखाली क्रिस्टल धरला. ११.०५९२.
हा आकडा आम्हाला फार वाकडा वाटायचा.
बारा का नाही, सर? सरळ बारा?
सर फळ्याच्या तळापर्यंत भागाकार मांडत जायचे,
शेवटी खडूचं एक शून्य.
‘बाकी उरली का काही? नाही ना.
बोलणं असं पाहिजे.’

शहाण्णवशे टाकले.
ओळी सुटल्या, रोमन अक्षरांत, सरांच्या स्पेलिंगनं:

गेली १४:१०
आली २०:३५
गेली ०३:००
आली ०६:५०

मीटरखाली खिळ्याला टांगून
सरांनी कादराबादचं भारनियमन लिहून ठेवलं होतं.
वीज जाताना एक ओळ लिहून होईल
एवढाच कॅपॅसिटर.

तहसीनचं बोट काचेवर थांबलं.
‘हे फेब्रुवारीतलं बघ, पावणेसातला गेली.
दुसऱ्या दिवशी फिजिक्स होतं माझं.
अब्बांनी स्कूटर अंगणात चालू केली,
हेडलाइट माझ्या वहीवर.
अम्मी ओरडतेय, पेट्रोल काय फुकट येतं?’

शेवटची ‘गेली’ दोन हजार अकराची.
तेव्हा सर चांगले होते.
घरात इन्व्हर्टर आला असेल, बोर्ड काढून ठेवला असेल.
मी त्यात दुसरं काही वाचत नाही.

पण त्या ओळीखाली अजून एक आहे:
आली ००:००, तारीख एक-एक-शून्य शून्य.
घड्याळाचा सेल केव्हाच संपलेला.
ही आजची दुपार.
माझ्या लॅपटॉपचे पाच व्होल्ट
त्यानं इमानदारीत नोंदवले.

दहा पिनांचा बर्नर लावला.
टाकीचा प्रोग्राम तयार आहे, चाळीस ओळींचा.
आधीचं पुसू का, लॅपटॉप विचारतो.
पुसलं तरी नोंदी राहतील,
त्या आठ पायांच्या वेगळ्या चिपमध्ये आहेत.
त्या वाचून दाखवणारं कुणी राहणार नाही, एवढंच.
तहसीनला मी हे सांगितलं, तसंच्या तसं.

ती काही बोलली नाही.
पिशवीत वायरचा गुंता परत भरू लागली.
मग म्हणाली, ‘सेल केवढ्याला येतो?’
पंचवीस.
‘टाक मग.’

बाहेर काट्याचं गिऱ्हाईक
केव्हापासून हाका मारतंय.